जडवस्तू संग्रह नोंदवही

अनुक्रमांक दोनशे सव्वीस.
वस्तूचे नाव : पाठ. लोखंडी. तुकडे सहा.
कॉटन ग्रीनच्या नाक्यावरून काढून आणली,
उड्डाणपुलाचा खांब तिथे यायचा होता म्हणून.
वजन अकरा टन तीनशे चाळीस, काट्याची पावती सोबत जोडली आहे.
किंमत हा रकाना मी तेव्हा कोरा ठेवला.

गुरुवारी एक म्हातारा आला,
हातात खोबरेलाची बाटली, खांद्यावर जुन्या धोतराचं फडकं.
विश्राम कारेकर. म्हणाला, "ही माझी."
मी म्हटलं, "कागद?"
त्यानं दोन्ही तळवे पुढे केले,
ठिणग्यांनी जागोजाग डागलेले.
नियमात बसत नव्हतं. मी गेट उघडलं.

बाप सोनार, फणसवाडीतला,
गुंजेच्या तोलानं नथी घडवायचा.
याला मात्र फुंकणीच्या फुंकरीपेक्षा
दारूखान्यात तुटणाऱ्या बोटींचा आवाज खरा वाटला.
पोटासाठी त्यानं तालुक्यातालुक्याला माणसं उभी केली,
बोट वर केलेली, तलवार उपसलेली.
घोडे तर इतके, की झोपेतही खूर मोजायचा म्हणे.
"सगळे समोर बघणारे," फडकं पिळत तो म्हणाला,
"एकदाच मला कुणाची तरी पाठ करायची होती."

ती मिळाली गोदीतल्या गेणू शेलारची.
शंभर किलोची गोण चढताना
मणके कुठे दबतात, कुठे तग धरतात,
कारेकर बोटांनी चाचपून पाहायचा.
मग भंगारातल्या बोटीचे पत्रे, शिवडीची शेड, अडीच वर्षं,
आणि उजव्या डोळ्याची अर्धी नजर.

नाक्यावर उभी राहिली तशी तक्रारी आल्या.
तोंड कुठाय?
शिवडीकडून येणाऱ्याला वाटायचं, आपल्याकडेच पाठ केलीय,
रे रोडकडून येणाऱ्यालाही तेच वाटायचं.
दोघंही बरोबर होते.
चारी बाजूंनी पाठच होती ती,
पोट त्यानं केलंच नव्हतं.
ट्रकवाले मात्र तिच्या सावलीत डबा खायचे.

एका गुरुवारी त्याच्यासोबत अनसाबाई आल्या, गेणूच्या.
पाच तुकड्यांवरून नजर फिरवून
तीन नंबरपाशी थांबल्या.
"ही डावी बाजू. हितंच चमक भरायची त्यास्नी."
आणि तळव्यावर तेल ओतून रगडत राहिल्या,
अंगठ्याच्या पेरानं, खालून वर, खालून वर,
गंजाचा लाल चिखल कोपरापर्यंत आला तरी.
कारेकर पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर
आमच्याकडे पाठ करून बसला होता.

वहीवर छापलंय : जडवस्तू.
जड म्हणजे जीव नसलेलं, की जड म्हणजे वजनाचं?
वीस वर्षं सही करतोय, कधी विचारलं नव्हतं.
त्या संध्याकाळी त्याला विचारलं.
त्यानं खिशातून गुंज काढून माझ्या हातावर ठेवली,
एवढीशी, लाल, काळ्या डोळ्याची.
"बापाची. ही पण जडच," म्हणाला,
आणि बस आली म्हणून निघाला.
गुंज परत मागितली नाही.

आता वरून पत्र आलंय :
निर्लेखनाचा प्रस्ताव तातडीने सादर करावा.
भंगाराचा दर किलोमागे त्यांनीच लिहून दिलाय.
कारेकर श्रावणापासून आलेला नाही.
फोन भाचीनं उचलला. "मामा..." म्हणाली,
आणि पुढे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

पत्र खणात आहे. वर गुंज ठेवलीय, उडू नये म्हणून.
तेवढ्या वजनानं थांबेल, असं नाही.
बाटली खिडकीत; पौषात थिजली होती,
परवा उन्हानं पातळ झाली.
शेऱ्याच्या रकान्यात जागा थोडी असते.
मी तारीख लिहितो, वार गुरुवार,
आणि पुढे, सरकारी अक्षरात :
तुकडा क्रमांक तीन. डाव्या बाजूस तेल दिले.